खायच्या सोड्याची चिमूट आणि नदीतली झाडं

शाळेतला तो प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या चार-दोन काड्या, काड्यांवर उलटं नरसाळं आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. सगळं उन्हात ठेवलं की काड्यांच्या कापलेल्या टोकांतून बारीक बुडबुडे सुटतात. नळीत जमलेला वायू धुमसती काडी भगकन पेटवतो आणि वनस्पती ऑक्सिजन सोडतात हे वहीत लिहून आपण मोकळे होतो. त्या कृतीत एक लहानशी सूचनाही असते: पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकावा. टाकला की बुडबुडे भराभर सुटू लागतात.

का? ‘सोड्यामुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढतो’ हे नेहमी मिळणारं उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं, तर सह्याद्रीतल्या ओढ्यात एक वनस्पती, भीमेच्या डोहात दुसरी आणि शहराखालच्या नदीत तिसरीच का माजते, याचा बराचसा उलगडा होतो.

बुडालेल्या पानाची उपासमार

जमिनीवरच्या झाडाला कार्बनची चिंता कमी असते. पानाजवळचा कार्बन डायऑक्साइड संपला, तर वाऱ्याची झुळूक नवा आणून देते. पाण्यात मात्र विरघळलेला वायू हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट संथ पसरतो. शिवाय बुडालेल्या प्रत्येक पानाला जवळजवळ हलतच नाही असा पाण्याचा एक पातळ थर चिकटून असतो. पानाने त्या थरातला वायू शोषला की बाहेरचा आत यायला वेळ लागतो. ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि तरीही पान उपाशी, अशी ही स्थिती असते.

मुळात पाण्यात हा वायू असतोही थोडा. 25 अंश तापमानाचं, हवेशी जुळतं झालेलं एक लिटर पाणी घेतलं, तर त्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम सापडतो. पण कार्बन पाण्यात आणखी एका रूपात असतो. कार्बन डायऑक्साइडची पाण्याशी क्रिया होऊन बायकार्बोनेट तयार होतं. खायच्या सोड्यात तेच असतं. दख्खनच्या पठारावरच्या नद्यांत, पावसाळा ओसरल्यावर, ते लिटरमागे 100-200 मिलिग्रॅम सहज भरतं.

म्हणजे घरातलं पीठ संपत आलंय, पण कणगी ज्वारीने भरलेली आहे. कार्बन डायऑक्साइड हे पीठ. ते पानाला सरळ वापरता येतं. बायकार्बोनेट ही ज्वारी. ज्याच्या घरी जातं आहे, त्याचीच भाकरी होणार.

चौकट: सामू म्हणजे काय?

पाणी आम्ल आहे की अल्कली, हे सांगणारा आकडा म्हणजे सामू. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकऱ्यांनी तो पाहिलेला असतो. 7 म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. या मोजपट्टीवर एका आकड्याचा फरक म्हणजे दहापटीचा फरक. पाण्यातला कार्बन कोणत्या रूपात राहील, हे सामूवरच ठरतं. सामू 6.3 च्या आसपास असेल, तर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट निम्मे-निम्मे असतात. 7.3 ला कार्बन डायऑक्साइडचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास येतो, 8.3 ला तो अवघा एक टक्का उरतो. त्याहून वर गेलं तर कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नाहीच म्हणायचा.

हायड्रिलाचं जातं

हायड्रिलाचं पान हातात धरून उजेडाकडे केलं तर आरपार दिसतं. ते फक्त दोन पेशींच्या जाडीचं असतं. बायकार्बोनेट वापरण्याची तिची पद्धत विलक्षण आहे. पानाच्या खालच्या बाजूने ती आम्ल सोडते. त्या बाजूला चिकटलेल्या थराचा सामू एवढा उतरतो, की तिथल्या बायकार्बोनेटचं पुन्हा कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि तो पानात शिरतो. हिशेब जुळवण्यासाठी पानाच्या वरच्या बाजूने अल्कली बाहेर टाकली जाते. कागदासारख्या पातळ पानाची एक बाजू आम्ल आणि दुसरी अल्कली! पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर या अल्कली बाजूवर चुन्याचं पांढुरकं पुट चढतं. जड पाण्यातल्या पाणवनस्पती हाताला खरखरीत लागतात, त्या बऱ्याचदा यामुळेच.

आता सोड्याच्या चिमटीचं उरलेलं अर्धं उत्तर देता येईल. त्या चिमटीतलं बहुतेक सगळं बायकार्बोनेट पाण्यात बायकार्बोनेटच राहतं. हायड्रिला ते दळून घेते, म्हणून बुडबुडे वाढतात. त्याच पात्रात थंड झऱ्यातली मॉस ठेवली, तर तिला सोड्याचा फारसा उपयोग होत नाही. तिच्याकडे जातं नाही. आजवर तपासलेल्या बुडित वनस्पतींपैकी साधारण निम्म्यांना बायकार्बोनेट वापरता येतं, बाकीच्यांना नाही.

हायड्रिलाकडे आणखी एक युक्ती आहे. ती सापडली अमेरिकेतल्या फ्लोरिडात. आपल्याकडची ही साधी पाणवनस्पती 1950 च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून तिथे पोचली आणि तिने तिथले कालवे आणि तळी बुजवून टाकली. ती एवढी का फोफावते हे शोधताना जॉर्ज बोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की गरम, दाटीच्या, कार्बन डायऑक्साइड आटलेल्या पाण्यात हायड्रिला आपली प्रकाशसंश्लेषणाची पद्धतच बदलते. ऊस, मका आणि ज्वारी कार्बन आधी एका आम्लात साठवून मग वापरतात. हायड्रिलाही तेच करू लागते. उसाला त्यासाठी दोन प्रकारच्या पेशी लागतात. हायड्रिला ते एकाच पेशीत उरकते. वर्गात आपण जिला बुडबुड्यांपुरती वापरून फेकून देतो, तिचा हा गुण पाठ्यपुस्तकात यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कणगी भरतो काळा कातळ

नदीत एवढं बायकार्बोनेट येतं कुठून? हवेतून थोडं येतं, पण खरा पुरवठा पायाखालून होतो. जमिनीत मुळं आणि सूक्ष्मजीव श्वसन करतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असतो. पावसाचं पाणी या मातीतून झिरपताना तो घेऊन सौम्य आम्ल बनतं आणि खालच्या खडकाला कुरतडू लागतं. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. आम्लाने खनिज विरघळलं की ही मूलद्रव्यं पाण्यात उतरतात आणि आम्लातला कार्बन बायकार्बोनेट होऊन त्यांच्याबरोबर वाहू लागतो. उष्ण हवा आणि धो-धो पाऊस असला की ही झीज जोरात होते; थंड देशातला बेसॉल्ट इतक्या वेगाने झिजत नाही. पठारावरच्या कित्येक विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि काळ्या जमिनीत नांगराला चुनखडीचे खडे लागतात, त्याचं मूळ याच रसायनात आहे.

जिथे जांभा आहे तिथे चित्र पालटतं. जांभा म्हणजे पावसाने धुऊन काढलेल्या खडकाचा अवशेष. कॅल्शियम, मॅग्नेशियम केव्हाच वाहून गेलेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलेलं. त्यातून येणारं पाणी हलकं आणि किंचित आम्ल असतं. सिंधुदुर्गच्या दक्षिणेला आणि गोव्यात तर बेसॉल्टच मागे पडतो आणि त्याहून कितीतरी जुने, सावकाश झिजणारे खडक लागतात. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वाहणारं पाणीही विरळच. ते खडकाजवळ थांबतच नाही, तर त्यातून घेणार काय? तेच पाणी जमिनीत मुरून, महिनोन्‌महिने खडकात राहून जेव्हा हिवाळ्या-उन्हाळ्यात नदीत उतरतं, तेव्हा कणगी भरलेली असते.

2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने जगभरच्या गोड्या पाण्यातल्या वनस्पतींवरून हेच दाखवलं. पाण्यात बायकार्बोनेट जितकं जास्त, तितकं तिथे ‘जातं असलेल्या’ जातींचं प्रमाण जास्त. मात्र ज्या ठिकाणी पाण्यात कार्बन डायऑक्साइडच भरपूर मिळतो, तिथे हे प्रमाण घटतं. आयतं पीठ मिळत असेल तर दळणाचे कष्ट कोण घेईल?

धबधब्यात फुलणारी झाडं

आयतं पीठ मिळणाऱ्या जागांपैकी एक म्हणजे डोंगरातला ओढा. मातीतून नुकतंच बाहेर पडलेलं पाणी कार्बन डायऑक्साइडने इतकं भरलेलं असतं, की ओढा तो हवेत सोडत सोडतच खाली येतो. शिवाय पाणी जोरात वाहत असलं, की पानाला चिकटलेला तो स्थिर थर घासून पातळ होतो आणि ताजं पाणी सतत पानाला भिडतं. अडचण एकच: टिकायचं कसं? आषाढातल्या लोंढ्यात गुळगुळीत कातळावर कोणतं झाड उभं राहील?

पोडोस्टेमेसी कुळातली झाडं राहतात. कोकणात आणि गोव्यात उतरणाऱ्या नद्यांच्या धावत्या पाण्यात, कातळाला घट्ट चिकटलेला हिरवा, तांबूस किंवा तपकिरी पापुद्रा दिसतो. पाहणारे त्याला शेवाळ म्हणतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. दिसायला ते शेवाळच आहे. प्रत्यक्षात ही फुलझाडं आहेत, आणि तीही कोकम, सुरंगी, उंडी यांच्या नात्यातली! जगभर त्यांच्या सुमारे 300 जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या उष्ण प्रदेशातल्या वाहत्या पाण्यात. मूळ, खोड, पान हा नेहमीचा भेद त्यांच्यात इतका पुसट झालाय, की कातळावर पसरलेल्या चपट्या पापुद्र्याला मूळ म्हणावं की खोड, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी शंभर वर्षं खल केला. मातीचा प्रश्नच नाही. कातळावर आधीपासून असलेल्या सूक्ष्मजीवांच्या चिकट थराला धरून ती पसरतात.

त्यांचं वर्ष पाण्याच्या पातळीवर चालतं. पावसाळाभर पाण्याखाली वाढायचं. पावसाळा संपला, पातळी उतरली आणि कातळ उघडा पडू लागला, की काही दिवसांतच इवलीशी फुलं उमलतात, बी धरतं आणि पापुद्रा उन्हात वाळून मरून जातो. धुळीएवढं बी कातळावर पडून राहतं. पुढच्या पावसाचा पहिला शिंतोडा बसला की त्याची साल बुळबुळीत होते आणि ते तिथेच चिकटून बसतं. चिकटलं नाही ते वाहून जातं.

या कुळातली एक प्रजाती, डाल्झेलिया, निकोल डाल्झेल यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यात काम केलेल्या या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1861 मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांच्यासोबत इलाख्यातल्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली. पुढे जॉन विलिस यांनी श्रीलंकेतल्या आणि भारतातल्या पोडोस्टेमेसींचा बारकाईने अभ्यास करून 1902 मध्ये तो छापला. इतक्या जुन्या ओळखीची ही झाडं आज एका साध्या कारणाने धोक्यात आहेत. वर धरण झालं, की खालच्या पाण्याची पातळी ऋतूऐवजी विजेच्या मागणीनुसार वर-खाली होऊ लागते. फुलायच्या वेळी कातळ पाण्याखालीच राहिला तर बी धरत नाही, आणि वाढीच्या काळात उघडा पडला तर झाड वाळतं. पाणी स्वच्छच आहे, म्हणून नदी ठीक आहे, असा निष्कर्ष इथे चुकतो.

दुपारचं पाणी आणि पहाटेचं पाणी

खाली संथ डोहात आलो, की वनस्पती स्वतःच पाण्याचं रसायन बदलू लागतात. दाट हायड्रिला किंवा हिरवं शैवाल दिवसभर कार्बन ओढून घेतं, तसा सामू चढतो. कडक उन्हाच्या दुपारी तो 9 च्याही वर जातो. रात्री सगळेच श्वसन करतात. कार्बन डायऑक्साइड पुन्हा वाढतो, सामू उतरतो आणि ऑक्सिजन घटत घटत पहाटे तळाला जातो. गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो: शून्य अंशाला लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम, तर 30 अंशाला साडेसातच. मासे मरून तरंगलेले सकाळी दिसतात, त्याचं कारण अनेकदा आदल्या रात्रीत असतं.

सांडपाणी मिसळलेल्या नदीत दुपारही धोक्याची असते. सांडपाण्यातलं अमोनियम माशांना तसं फार बाधत नाही. पण सामू 9 च्या पुढे गेला की त्याचा मोठा हिस्सा विषारी अमोनिया होतो. म्हणून सकाळी अकराला भरलेली एक बाटली म्हणजे नदीची प्रकृती, असं मानणं मला पटत नाही. बाटलीवर तारखेइतकीच वेळही महत्त्वाची आहे.

जलपर्णीला जातं लागत नाही

आतापर्यंत सगळी झाडं पाण्याखालची होती. जलपर्णीने कार्बनचा प्रश्न मुळातूनच काढून टाकला. फुगीर देठांवर ती तरंगते, पानं हवेत धरते आणि जमिनीवरच्या झाडासारखा कार्बन डायऑक्साइड हवेतून घेते. नदीत तिने फक्त मुळं सोडलेली असतात, काळपट जांभळी आणि पिसासारखी, नायट्रोजन आणि फॉस्फरस वेचणारी. कार्बन अमर्याद आणि ऊन अमर्याद, म्हणून तिच्या वाढीला लगाम राहतो तो या दोन अन्नद्रव्यांचाच.

हे तिच्या माहेरी, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, फार स्पष्ट दिसतं. ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ दोन प्रचंड नद्या भेटतात. सोलिमोइस ही अँडीज पर्वतातून गाळ आणि क्षार घेऊन येणारी, गढूळ, उदासीनच्या जवळपास सामू असलेली. रिओ नेग्रो ही जुन्या, पार धुतल्या गेलेल्या जमिनीतून आणि पांढऱ्या वाळूतून येणारी. कुजलेल्या पाल्याच्या आम्लांनी तांबूस-काळी झालेली, सामू 4 ते 5, आणि विरघळलेले क्षार इतके कमी की पावसाच्या पाण्याशी तुलना व्हावी. वेग, तापमान आणि घनता वेगळी असल्याने दोन्हींचं पाणी सुमारे सहा किलोमीटर शेजारी शेजारी, न मिसळता वाहतं. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच या नद्यांचे रंगांनुसार गट केले होते. विसाव्या शतकात जर्मन संशोधक हॅराल्ड सिओली यांनी त्या रंगांमागचं रसायन उलगडलं.

गढूळ नदीच्या पूरमैदानाला तिथे ‘वार्झेआ’ म्हणतात. तिथे तरंगती कुरणं माजतात: जलपर्णी, गोंडाळ, साल्व्हिनिया आणि पाण्याबरोबर उंच होत जाणारी गवतं. यांतल्या एका गवताची वाढ हेक्टरी वर्षाला जवळजवळ 100 टन, तीही वाळलेल्या वजनात, मोजली गेली आहे. काळ्या पाण्याच्या ‘इगापो’त तेच ऊन, तोच पाऊस, तीच उष्णता, पण पाण्यात अन्न नाही, म्हणून ही कुरणं जवळपास नाहीत. आणि वार्झेआतही पाणी दरवर्षी सुमारे दहा मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे कुरणं तुटून वाहून जातात. मोकळं रान तिथेही कुणाला कायमचं मिळत नाही.

आपल्याकडे जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये शोभेचं फूल म्हणून आली आणि 1936 मध्ये तिच्यासाठी तिथे कायदा करावा लागला. आज इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, पंचगंगा आणि उल्हास या नद्या दर उन्हाळ्यात तिच्याखाली दिसेनाशा होतात. पावसाळ्यातला पूर तिला वाहून नेतो. नंतर प्रवाह मंदावतो, बंधाऱ्यांमागे पाणी थांबतं, सांडपाणी मात्र रोज तेवढंच येत राहतं. अनुकूल पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्यावर जगणारे दक्षिण अमेरिकेतले भुंगेरे 1980 च्या दशकात भारतात सोडले गेले. पण अन्नाने तुडुंब पाण्यात त्यांनी खाल्लेलं ती पटकन भरून काढते.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधलं तरी जलपर्णी हटत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यात आश्चर्य नाही. साधी केंद्रं कुजणारा सेंद्रिय मैला कमी करण्यासाठी आखलेली असतात. त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरसचा काही भागच निघतो, उरलेला दिसायला स्वच्छ अशा पाण्यातून नदीत जातो. मासे त्या पाण्यात कदाचित तगतील, पण जलपर्णीच्या दृष्टीने ते खतपाणीच असतं.

मग काढून टाकली तर? हिशेब करून पाहू. जलपर्णीत सुमारे 95 टक्के पाणी. एक टन ओली जलपर्णी म्हणजे 50 किलो वाळलेलं वजन, आणि त्यात साधारण एक किलो नायट्रोजन. एक माणूस वर्षाला चार-साडेचार किलो नायट्रोजन मलमूत्रातून टाकतो. म्हणजे एका माणसाच्या तीन महिन्यांच्या विसर्गाएवढं अन्न नदीतून काढायला एक टन जलपर्णी उपसायची! ती काठावरच ढीग घालून सोडली, तर कुजून पहिल्याच पावसात ते अन्नही परत नदीत.

त्यातून गाळाचा प्रश्न उरतोच. ऑक्सिजन असतो तोवर गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं, आणि बेसॉल्टच्या प्रदेशातल्या गाळात लोहाला तोटा नाही. पण जलपर्णीचा गालिचा उजेड आणि हवा अडवतो. खाली हायड्रिला मरते, कुजते आणि उरलासुरला ऑक्सिजन संपवते. ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप बदलतं, फॉस्फरस सुटतो आणि वर लोंबणाऱ्या मुळांना मिळतो. वर्षानुवर्षांचं सांडपाणी असं तळाशी जमा झालेलं असतं. त्यामुळे ते आज पूर्ण थांबवलं, तरी पुढचे काही हंगाम जलपर्णी येत राहील. किती हंगाम, हे गाळाच्या वरच्या थरातला फॉस्फरस मोजल्याशिवाय कोणत्याही नदीबाबत सांगता येणार नाही.